आहे तशीच ठेवलेली भिंत

माझ्या ब्लॉगवर सगळ्यात जास्त वाचली गेलेली पोस्ट मातीच्या हॉलची. सहा वर्षांपूर्वी लिहिलेली. अजूनही दर आठवड्याला कुणीतरी विचारतं, कसं जायचं, कधी जायचं, आत सोडतात का. म्हटलं परत एकदा जाऊन ताजी माहिती द्यावी. दिवाळीच्या पंधरा दिवस आधी पुण्याहून निघाले. ताजी माहिती मिळाली. ती लिहायची अजिबात इच्छा नाही, पण लिहिते.

आधी जाण्यायेण्याचं. पुण्याहून संध्याकाळच्या रेल्वेत बसलं की सकाळी वर्धा. बसस्टँडसमोर पोहे खा. त्यावर लाल तर्री ओततात, झेपणार नसेल तर आधीच सांगा, नंतर सांगून उपयोग नसतो. तिथून सेलूमार्गे हिंगणीची एसटी. गाड्या कमी आहेत, त्यामुळे सकाळची चुकवू नका. रस्ता बरा आहे, फक्त या दिवसांत निम्म्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं असतं आणि ड्रायव्हर त्याला वळसा घालत चालवतो. राहायचं वर्ध्यातच, पुढे सोय नाही. हिंगणीच्या पुढच्या गावाचं नाव मागच्या वेळी दिलं होतं. या वेळी देत नाही.

कंडक्टरने तिकीट फाडताना विचारलं, “बोर धरणावर चालल्या काय?”

“नाही, पुढच्या गावात. मातीचा हॉल बघायला.”

“तो? तो तं बसला ना यंदाच्या पाण्यात. आता काय पाहाले चालल्या?”

मला वाटलं, दुसऱ्याच कुठल्या इमारतीबद्दल बोलत असेल. खिडकीबाहेर बघत बसले.

ज्यांनी जुनी पोस्ट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हा हॉल मुंबईच्या एका नावाजलेल्या वास्तुविशारदाने बांधला. अर्धचंद्राकार मातीची भिंत, इतकी जाड की खिडकीत दोन बायका समोरासमोर बसून तांदूळ निवडू शकत. वर सागवानी वासे आणि कवेलू, म्हणजे कौलं. भर उन्हाळ्यात आत पंखा लागत नसे. सकाळी बालवाडी भरायची, दुपारी बायकांचा बचत गट, लग्नसराईत जेवणावळी. आणि पश्चिमेच्या भिंतीवर पांढऱ्या मातीत उमटलेले बोटांचे माग, हजारो, एकमेकांत मिसळलेले. त्या भिंतीसमोर मी तासभर उभी होते.

या वेळी तिथे मातीचा ढीग होता. पश्चिमेची भिंत मधोमध खचली होती, वासे खाली झुकले होते, कवेलूंचा चुरा झाला होता. दोन्ही टोकं तेवढी ताठ उभी. भोवती दोरी बांधलेली.

मी तिथेच रागाने फिरायला लागले. आणि मग मला पहिल्यांदा ती वळचण दिसली, म्हणजे भिंतीपुढे येणारा छपराचा भाग. जेमतेम वीतभर! या मुलखात पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, गावातल्या प्रत्येक घराची वळचण हातभर पुढे आहे. इथे ती आखूड केली, कारण लांब ठेवली असती तर भिंतीची गोलाई फोटोत झाकली गेली असती. बक्षिसं फोटोंना मिळतात. सहा वर्षांपूर्वी मीही फोटोच काढत होते, म्हणून मला ती दिसली नव्हती.

“मॅडम, तुमी मागं आलत्या ना?”

समोरच्या घरातून प्रमिलाबाई आल्या. सत्तरीच्या असतील. मागच्या वेळी मी यांच्याच हातांचे फोटो काढले होते. दिवाळीआधी नाल्याकाठची पांढरी माती शेणात कालवून गावातल्या बायका भिंती हाताने लिंपतात, त्याला इथे पोतारणं म्हणतात. हॉलची भिंत प्रमिलाबाई आणि त्यांच्या चार मैत्रिणी पोतारायच्या. त्यांचं स्वतःचं घरही मातीचंच. दोन दिवसांपूर्वी पोतारलेलं, पांढरंशुभ्र, कुठे भेग नाही.

“तुमचं घर केवढं जुनं?”

“माह्या सासूच्या लग्नाच्या आधीचं.”

“मग हॉल कसा पडला? यंदा पोतारला नाही का?”

“यंदा? सहा वर्षं झाले, हात नाई लावला आमी.”

“का?”

त्यांनी दोरी उचलून मला आत नेलं. मग म्हणाल्या, “तुमीच तं लिहिलं होतं.”

आत, शाबूत टोकाच्या भिंतीवर, माझी पोस्ट होती. सरपंचांनी छापून काचेची फ्रेम केली होती. एका वाक्याखाली लाल शाईने रेघ: “या भिंतीला आता कुणीही हात लावू नये, ती आहे तशीच जपली पाहिजे.”

मला म्हणायचं होतं, कुणी सिमेंट फासू नका, ऑइलपेंट लावू नका. पण मी ते लिहिलं नव्हतं. मला छान वाक्य सुचलं होतं, ते लिहिलं.

तेवढ्यात सरपंच आले. माझी ओळख पटल्यावर त्यांनी खुर्ची मागवली, चहा सांगितला. त्या आदरातिथ्याने जीव नकोसा झाला.

“दुसऱ्या वर्षीच खालून माती झडत होती,” ते म्हणाले. “ह्या बायका माती घिऊन आल्या, मीच वापस पाठवल्या. कॉलेजची पोरं येत, तेही म्हणत, टच नका करू. आमाले वाटलं, आपण खेड्यातले, आपल्याले काय समजते. चूक झाली काय मॅडम आमची?”

“नाही. माझी झाली,” मी म्हणाले. आणि मग, न राहवून, “दोन्ही टोकं अजून मजबूत आहेत. वळचण वाढवून मधली भिंत पुन्हा उभी करता येईल. पाडू नका.”

सरपंच आवाज न चढवता म्हणाले, “सोमवारी जेसीबी येऊन राह्यला. स्लॅबचा हॉल मंजूर झाला. आता नका सांगू मॅडम. मागं ऐकलं ना तुमचं.”

निघताना प्रमिलाबाई फाटकापर्यंत आल्या. “नातीचं लग्न याच हॉलात करायचं होतं,” म्हणाल्या. “थंडा राहे ना.” त्यांच्या कोपरापर्यंत पांढरी माती वाळलेली होती. शेजारणीचं घर पोतारत होत्या. “येजा परत,” म्हणाल्या. त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर मला परवडलं असतं.

वर्ध्याला लोक गोरसपाक, म्हणजे तिथली तुपातली बिस्किटं, घेतात, मीही घेतला. खाववत नाही, डबा तसाच पडून आहे.

सोमवारी पुण्यात संगणक उघडला, तर जुन्या पोस्टखाली एक नवी प्रतिक्रिया होती. भिंतीच्या फोटोखाली कुणीतरी लिहिलं होतं, “किती सुंदर! हिला कुणी हात लावला नसेल ना?”

मी उत्तर दिलं, “नाही. सहा वर्षं कुणीही लावला नाही. आज जेसीबीने लावला.”