अर्णवची खोली

दीड वर्ष एका खोलीत काढलं की किस्से साठतात. ऐकायला माणूस नसला की जास्तच साठतात. आज तुम्ही सापडलात!

माझा अर्णव दोन महिन्यांचा असताना एकामागून एक न्यूमोनिया झाले. शेवटी कळलं, जंतूंशी लढणाऱ्या पेशीच त्याच्या अंगात तयार होत नाहीत. जन्मजातच. साधी सर्दीही जिवावर बेतली असती. म्हणून नाशिक रोडच्या आमच्या फ्लॅटमधल्या एका खोलीत तो आणि मी, बाकी सगळे दाराबाहेर.

*

माझी सासू म्हणजे माझी सख्खी आत्या. तरी ती म्हणालीच, "आमच्याकडे असलं काही नव्हतं हो!"

डॉक्टरांनी कागदावर घराण्याचं झाड काढलं. बिघडलेलं जनुक आई आणि वडील, दोघांकडून आलं होतं. दोन्ही रेघा वर जाऊन एकाच जोडप्याला टेकल्या. आत्याच्याच आईवडिलांना!

आत्याने कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली. "दादाला नको सांगूस," म्हणाली. दादा म्हणजे माझे बाबा.

*

पोलिओच्या ताई आल्या. असल्या मुलांना ते थेंब चालत नाहीत, उलट धोका असतो. नवऱ्याने चारदा समजावलं. ताईंनी दारावर खडूने फुली मारली, म्हणजे इथलं बाळ राहिलं.

दुसऱ्या दिवशी कुरिअरवाला फुली बघून शेजाऱ्यांना विचारतोय, "इथं कोणी राहत नाही का?"

मी आतून ओरडले, "राहतो हो, राहतो!"

*

मुक्ता, माझी मोठी, पहिलीत. शाळेतून सर्दी-खोकला आणेल म्हणून तिला पंचवटीत माझ्या आईकडे ठेवलेलं. एकदा व्हिडिओ कॉलवर "थांब हं आई," म्हणून फोन पलंगावर टाकून खेळायला पळाली.

अर्धा तास मी आईच्या घरचा पंखा बघत बसले. कॉल कट करवेना. फार एकटी पडले होते मी.

*

खरा उपाय एकच, दुसऱ्या कुणाचीतरी जुळणारी अस्थिमज्जा, म्हणजे हाडांतला या पेशी तयार करणारा गर. मुक्ताची जुळली! मुंबईला प्रत्यारोपण झालं. तिच्या पेशी त्याच्या अंगात रुजल्या नाहीत तर काय, हे आम्ही घरात कुणी बोलत नव्हतो.

मुक्ताने मात्र शाळेत जाहीर केलं, "आता अर्णव माझ्याशी भांडला, तर माझ्याच पेशी घेऊन भांडणार!"

*

पेशी रुजल्या. काही महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, "आता घरात मास्क काढा." अर्णवला समजायला लागल्यापासून मी त्याच्यासमोर मास्कशिवाय गेलेच नव्हते. झोपतानासुद्धा नाही.

सगळे खोलीत जमले. नवऱ्याने मोबाईल धरला. मी मास्क काढला आणि हसले.

अर्णवने माझ्याकडे टक लावून पाहिलं. ओठ काढले. मग भोकाड पसरलं आणि दाराकडे हात करून "आई, आई" करायला लागला.

मी जवळ गेले तर आणखीच किंचाळला.

आत्या हळूच म्हणाली, "लाव गं बाई तो परत. आई शोधतोय तो."