बोल्ट धरायला कुणीतरी

वडील गेले तेव्हा गाडीची पुढची काच बसवायची राहिली होती.

गाडी उघड्या टपाची, दोन माणसांपुरती, माझ्यापेक्षा वयाने मोठी. वडील पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी ती एका भंगारवाल्याकडून आणली आणि कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पार सुटी करून ठेवली. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. लग्न केलं नाही, आई लवकर गेली, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. संध्याकाळी मी आले की चहा घेऊन खाली जायचो. त्यांचे गुडघे वाकत नव्हते आणि माझा हात लहान आहे. डॅशबोर्डच्या मागे, वायरींच्या गुंत्यात, जिथे त्यांचा पंजा मनगटाशी अडकायचा तिथे माझा कोपरापर्यंत आत जायचा. म्हणून आतले नट माझ्याकडे आणि बाहेरून बोल्टचं डोकं पान्याने धरून ठेवणं त्यांच्याकडे, अशी वाटणी झाली. एकमेकांचं तोंड दिसायचं नाही. ते म्हणायचे, "धरलंय." मी नट फिरवायची आणि घट्ट झाला की म्हणायची, "सोडा." कितीतरी संध्याकाळी आम्ही याहून फारसं काही बोललो नसू. ते कमी आहे असं मला कधी वाटलं नाही.

ते गेल्यावर काही महिने मी खाली गेलेच नाही. मग एका रविवारी गाडीवरचं कापड काढलं, सीटवर पाय टाकून, डोकं पेडलपाशी नेऊन उताणी झोपले आणि हात वर घातला.

काचेच्या चौकटीचे दोन पाय दोन्ही दारांपाशी गाडीच्या अंगात उतरतात. बाहेरून बोल्ट घालायचे आणि आत, डॅशबोर्डच्या मागे, त्यांच्यावर वॉशर आणि नट चढवायचे. तिथे काही दिसत नाही, सगळं बोटांनीच ओळखावं लागतं. वॉशरला ग्रीस लावलं की तो बोटाला चिकटून राहतो, हे मला येत होतं. नट चढलाही. पण दोन-तीन आटे झाल्यावर नटाबरोबर बोल्टही फिरायला लागला. बाहेर धरणारं कुणी नव्हतं.

मी पाना चिकटपट्टीने दाराला बांधून पाहिला. लाकडाची पाचर ठोकून पाहिली. प्रत्येक वेळी आत जोर लावला की बाहेर पाना खणकन फरशीवर पडायचा. मग उठायचं, गाडीला वळसा घालायचा, तो पुन्हा लावायचा आणि पुन्हा आडवं व्हायचं. एका मेकॅनिकला बोलावलं, तर त्याने आत नुसता टॉर्च मारला आणि म्हणाला, "मॅडम, विकून टाका."

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त प्राध्यापक राहायचे. पत्नी जाऊन काही वर्षं झाली होती. सोसायटीच्या सभेत ते दर वेळी आमच्या गाडीचा विषय काढायचे. "हे वाहन आहे की स्मारक, एवढं आपण स्पष्ट करावं," असं एकदा वडिलांना सगळ्यांदेखत म्हणाले होते. तेव्हापासून आमचं बोलणं नव्हतं. डोळ्याच्या ऑपरेशननंतर ते रस्त्यावर न जाता काठी टेकत पार्किंगमध्येच फेऱ्या मारायचे.

एका संध्याकाळी पाना पडला आणि मी डॅशबोर्डखाली तशीच पडून राहिले. पुन्हा उठायचं त्राण नव्हतं. बाहेर त्यांची काठी थांबलेली ऐकू आली.

"आपल्याला काही लागलंय का?"

"नाही. बोल्ट फिरतोय."

"मग धरायला माणूस ठेवा."

"कुठून आणू?"

काठी पुन्हा टेकत निघाली. गेले असावेत असं मला वाटलं. थोड्या वेळाने गाडीच्या अंगावर काठी टेकल्याचा आवाज आला.

"कुठे धरायचं असतं हे? मला वाकता येणार नाही, आधीच सांगतो."

वाकायची गरज नव्हती. मी आतूनच सांगितलं, पाना कुठे बसवायचा आणि बसला की "धरलंय" म्हणायचं. ते म्हणाले, "धरलंय." त्यांचा आवाज वडिलांसारखा अजिबात नव्हता. तरी माझा हात काही वेळ जागचा हलला नाही. त्यांनी घाई केली नाही. मग मी नट फिरवला, तो घट्ट झाला, आणि मी म्हटलं, "सोडा."

दुसऱ्या दिवशी ते आपणहून आले, आणि मग येतच राहिले. चौकटीचे बोल्ट झाले, दाराच्या बिजागऱ्या झाल्या. मधे पत्रा असल्यामुळे असेल, त्यांना बोलणं सोपं जायचं. एकदा म्हणाले, "आमची ही गेल्यावर मी स्कूटर विकली. शेजारची ती जागा रिकामी आहे ना, ती आमचीच. मी खाली आलो की इकडे तुमचं दोघांचं चाललेलं असायचं. ते मला बघवायचं नाही. गाडीचा मला काही त्रास नव्हता."

मी नट शेवटपर्यंत आवळला. मी म्हटलं, "सोडा."

"सोडला," ते म्हणाले. मग विचारलं, "चहा तू आणतेस की मी सांगू वॉचमनला?" आपण, आपल्याला म्हणणारे ते त्या दिवसापासून मला अगं-तुगं करू लागले.

कापडी टप बसवायचा तेवढा बाकी होता. एका संध्याकाळी मी बराच वेळ खाली वाट पाहिली. शेवटी वॉचमनने सांगितलं की दुपारी मुलगा येऊन त्यांना हिंजवडीला घेऊन गेला, सामान नंतर नेणार आहेत. श्वासाचा त्रास वाढला होता. मला ते एका शब्दाने बोलले नव्हते.

टपाच्या कडेला टिचबटणं असतात. त्यातली मागची, सीटच्या पाठीमागच्या फटीत, अंगठ्याने दाबून बसवावी लागतात. त्या कामाला दुसरं माणूस लागत नाही. ती मी एकटीने बसवली.

गाडी रस्त्यावर आली तेव्हा मी त्यांना फोन केला. "इकडे येऊ नकोस, ट्रॅफिकमध्ये इंजिन तापेल," ते म्हणाले. मी रविवारी सकाळी गेले. ते खाली आले, खूप वाळले होते. मी हात देऊन त्यांना गाडीत बसवलं. त्यांच्या टॉवरच्या आवारातल्या रस्त्यांवर आम्ही सावकाश दोन-तीन फेऱ्या मारल्या. काचेच्या चौकटीवर त्यांनी एकदा हात ठेवून पाहिला.

"हलत नाही," म्हणाले. मग विचारलं, "आता काय करतेस संध्याकाळी?"

"काही नाही. काम संपलं."

"माझंही तसंच," ते म्हणाले.

त्यानंतर मी दोनदा गेले. दुसऱ्यांदा ते खाली येऊ शकले नाहीत. वर त्यांच्या खोलीत बसलो. सून पोहे ठेवून गेली, ते तसेच राहिले. पावसाळ्यात ते गेले. मुलाने मला दुसऱ्या दिवशी कळवलं. त्याला तरी मी त्यांची कोण ते काय माहीत असणार?

गाडी चांगली चालते. सिग्नलला मुलं मोबाइलवर फोटो काढतात, किती जुनी आहे विचारतात, आणि मी सांगेपर्यंत सिग्नल सुटतो. बॅटरी उतरू नये म्हणून मी अधूनमधून पाषाणपर्यंत चक्कर मारून येते. शेजारच्या सीटवर पर्स ठेवते.