मालकांची पाठ

आधीच माफी मागतो. आमच्या घरात सही करण्यापलीकडे पेन फारसं कुणी चालवलेलं नाही, आणि मी सरळ आठवणी लिहायला बसलोय. त्याही कशाच्या, तर भाड्याने द्यायच्या खोलीला रंग कुठला लावावा याच्या. पण एस.वाय.ला असताना घरातला एक निर्णय पूर्णपणे माझ्यावर सोपवला गेला होता आणि तो मी अगदी मन लावून बिघडवला. एवढ्या एका विषयात मला थोडाफार अधिकार असावा.

सुरुवात पप्पांच्या पाठीपासून करावी लागेल. पप्पा भिंतीला टेकून बसत नसत. जेवताना नाही, टीव्ही बघताना नाही, ताप असला तरी नाही. खोलीच्या मधोमध मांडी आणि पाठ ताठ. बुद्धविहारात येणाऱ्या लोकांना वाटायचं, हे नेमाने ध्यानाला बसत असणार. एका काकांनी तर पोरांना त्यांचं उदाहरण दिलं होतं. खरं कारण उल्हासनगर कॅम्प एकमधली आमची जुनी घरमालकीण होती.

तिचा एकच कायदा होता, भिंतीला डोकं लावायचं नाही. चुन्यावर खोबरेल तेलाचा डाग बसला की तो जन्मभर राहतो. आम्ही खोली सोडली त्या दिवशी तिने गल्लीतल्या चार बायका बोलावून भिंत दाखवली. "देखो, ये ऊपरवाला आदमी का. ये औरत का. और ये नीचे, छोकरे का." सगळ्यात खालचा डाग मी होतो. आई पदरात हसली. पप्पा हसले नाहीत. त्यानंतर शिवमंदिराच्या बाजूला पप्पांच्या कंपनीच्या क्वार्टरमध्ये आलो, पण तीही भिंत कंपनीचीच. पप्पांची पाठ ताठ राहिली ती राहिलीच.

मग त्यांनी बदलापूरला खरवईत वन रूम किचन घेतलं. आयुष्यातली पहिली स्वतःची भिंत, आणि हप्ते फेडायचे म्हणून तीच भाड्याने द्यायची. पप्पांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांची एकच अट होती.

"येणारा माणूस टेकून बसला पाहिजे. बिनधास्त. बाकी रंग कुठला, ते तू ठरव. तू शिकलेला आहेस."

शिकलेला म्हणजे बारावी पास आणि एफ.वाय.ला एक एटीकेटी. पण मी हे काम फार गंभीरपणे घेतलं. रंगांच्या नमुन्यांचं शेडकार्ड कॉलेजच्या लायब्ररीत नेऊन वाचलं. वहीत फायद्या-तोट्यांचे दोन रकाने पाडले. ग्रंथपाल मॅडमना वाटलं मी प्रोजेक्ट करतोय, त्यांनी मला पंख्याखालची जागा दिली.

कॅम्पातल्या रंगाच्या दुकानातल्या शेठने शेडकार्डाकडे बघितलंसुद्धा नाही. "साईं, खुद रहना है या भाड़े पे देना है?"

"भाड्याने."

"फिर सोचना क्या है. ऑइल पेंट मारो. गीला कपड़ा मारा, साफ."

आमचा पेंटरही तेच म्हणाला. तो मला नावाने कधी हाक मारत नसे, 'कॉलेज' म्हणे. "कॉलेज, डिस्टेंपर दिसायला भारी, पण त्याला पुसायला गेलं की ते रुसतं. खाली ऑइल पेंट घ्या, वर काय हवं ते करा."

चकाकणारा ऑइल पेंट म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर तीन गोष्टी यायच्या. सरकारी दवाखाना, पोलीस चौकी आणि स्टेशनवरची मुतारी. उलट कॉलेजच्या ग्रुप फोटोच्या वेळी फोटोवाल्याने "मॅट की ग्लॉसी?" विचारलं, तेव्हा ज्यांच्या घरी इंग्रजी पेपर येतो ती सगळी मुलं मॅट म्हणाली होती. मी कुजबुजत ग्लॉसी म्हणालो आणि वर्षभर तो चकचकीत फोटो लपवत फिरलो. ती चूक मला पुन्हा करायची नव्हती. शिवाय मॅट डिस्टेंपरच्या डब्यावर इंग्रजीत लिहिलं होतं की भिंत धुता येते. छापलेलं खोटं असेल, असं तोवर मला कुणी शिकवलं नव्हतं.

मॅट डिस्टेंपर लागलं. हलका बदामी रंग. खोली इतकी शांत आणि सभ्य दिसायला लागली की मी तिच्यात चप्पल काढून हळू चालायचो. पेंटर ब्रश धूत म्हणाला, "झकास झालंय. आता फक्त यात कुणी राहू नका."

राहायला आलं एक कुटुंब, मूळचं देशावरचं. नवरा औषधाच्या कारखान्यात, बायको, दोन मुली. चौघांच्याही डोक्याला भरपूर तेल. नवऱ्याच्या केसांवर तर ट्यूबलाइट दिसायची. पप्पांनी किल्ली देताना भिंतीवर थाप मारली. "हे बघा, लाजायचं नाही. खुशाल टेकायचं."

"हो मालक," तो म्हणाला. मालक हा शब्द ऐकून पप्पांनी मागे वळून बघितलं, दुसरं कुणी आलंय की काय म्हणून. मला तो सर म्हणाला. मी काहीच दुरुस्ती केली नाही.

तीनेक महिन्यांनी अॅग्रीमेंटची झेरॉक्स द्यायला गेलो. दार उघडायला बराच वेळ लागला. आत भिंतीवर दोरी बांधून चादर सोडली होती. आणि चौघंही खोलीच्या मधोमध जेवत होते, मांडी घालून, पाठी ताठ. चार पप्पा एका रांगेत बसल्यासारखे दिसत होते.

"सर, चादर धुऊन वाळत घातलीय," नवरा म्हणाला. चादर कोरडी ठाक होती.

धाकटी मुलगी फार प्रामाणिक निघाली. "खोटं. भिंत लपवलीय."

बायकोने मग चादर बाजूला केली. डोक्याचा डाग पडला म्हणून तिने साबणाने घासला होता, तर डाग राहिला आणि रंग हातात आला. ताटाएवढा पांढरा चट्टा. त्याच्या आजूबाजूला तो सुधारायचे आणखी तीन प्रयत्न. "तेव्हापासून कुणाला टेकू देत नाही," ती म्हणाली. "सर, मालकांना सांगू नका. एवढ्या प्रेमानं बोलले होते ते."

मी सांगणार नाही म्हणालो, आणि चार दिवस खरंच सांगितलं नाही. यात चांगुलपणा कमी आणि भीती जास्त होती. पाचव्या दिवशी पप्पा जेवताना म्हणाले, "टेकतात ना रे ते लोक?" मग मात्र सगळं सांगितलं. पप्पा घास चावत राहिले. पाणी प्यायले.

"म्हणजे ती घरमालकीण आता मी झालो," ते म्हणाले. "पेंटरला बोलव. आणि या वेळी तो सांगेल ते कर. लायब्ररीत जाऊ नको."

रविवारी आम्ही गेलो. पप्पांनी भाडेकरूला भिंतीपाशी बसवलं आणि शाळेत मुलांची उंची मोजतात तशी डोक्यावर पेन्सिलची खूण केली. तो बिचारा श्वास रोखून बसला होता. मग बायकोची खूण, मग मुलींची.

"मालक, उभं राहून टेकलं तर?" थोरलीने विचारलं.

"पेंटर, अजून दोन फूट वर घे," पप्पा म्हणाले.

तर अशी ती खोली झाली. जवळजवळ खांद्यापर्यंत हिरवा ऑइल पेंट, वर पांढरं, मध्ये बोटभर तपकिरी पट्टा. मॅट रंगाने बिल्डरच्या गिलाव्याची सगळी पापं पोटात घातली होती. ऑइल पेंटने ती एकेक करून चव्हाट्यावर आणली. भिंतीला इतके उंचवटे होते की ट्यूबलाइट तिच्यात नागमोडी दिसायची. वास जाईपर्यंत ते कुटुंब दोन दिवस नातेवाइकांकडे राहिलं. मी निघताना पट्ट्याकडे बघून म्हणालो, "इथे फक्त केसपेपरची खिडकी पाहिजे." पेंटर म्हणाला, "कॉलेज, दवाखान्यात लोक टेकून बसतात की नाही? मग."

भाडेकरू खरोखर टेकतात का, हे मात्र कळेना. मी गेलो की ते उठून उभे राहायचे, सर आले म्हणून. पप्पा दर भेटीनंतर विचारायचे आणि मी दर वेळी माहीत नाही म्हणायचो. शेवटी एका सुट्टीच्या दुपारी ते स्वतःच गेले. जेवून निघाले आणि संध्याकाळ झाली तरी आले नाहीत. आई तीनदा दारात जाऊन आली.

सहाच्या सुमारास माझ्या सेकंडहँड मोबाईलवर अनोळखी नंबर आला. भाडेकरू खालच्या किराणा दुकानातल्या नाण्याच्या फोनवरून बोलत होता, आवाज दबका ठेवून, जणू पप्पांना तिथून ऐकू जाणार होतं.

"सर, मालक आलेत. चहा झाला. आम्ही बसलो होतो टेकून, तर ते पण सरकले मागे. म्हटलं बसू दे. आता दोन तास झाले, भिंतीला डोकं लावून झोपलेत. घोरतायत. पोरींना अभ्यास करायचाय. उठवू का?"

"नको," मी म्हणालो. "डोक्याला तेल आहे का त्यांच्या?"

"भरपूर आहे, सर. डाग पडलाय. पण मंडळी म्हणते, काळजी करू नका, ते उठले की पुसून घेते."