उलट तीन ठोके

हेमचंद्रकाका टिपणीस अमेरिकेत पार्सिपनीला लेकीकडे राहायला आले, आणि पहिल्याच गणपतीत आमच्या मंडळानं त्यांना पार्किंगची ड्यूटी दिली. भारतीय नौदलातला निवृत्त कमांडर, आणि आम्ही त्याच्या अंगावर नारिंगी जॅकेट चढवलं! काकांनी मात्र दोनशे गाड्या अशा लावून घेतल्या, की आरतीनंतर कुणाला हॉर्नही वाजवावा लागला नाही.

मी त्यांच्या शेजारचा. घरून काम करतो, म्हणून दुपारच्या चहाला हमखास त्यांच्या तावडीत सापडायचो. गोष्ट ठरलेली. एका चिमुकल्या बेटांच्या देशानं आपलं नौदल सुधारायला त्यांना सहा वर्षं सल्लागार म्हणून नेलं होतं. तिथे तीन जुनाट गस्तीनौका होत्या आणि खलाशी तोफेच्या नळीवर मासे वाळत घालायचे. काकांनी त्यांना रडार शिकवलं, शिस्त लावली, नियमांचं पुस्तक लिहिलं. आग लागली तर नव्वद सेकंदांत पोलादी दारं बंद. आत कुणी अडकलं तर त्यानं तीन ठोके मारायचे, बाहेरच्यानं उलट तीन मारायचे. म्हणजे, धीर धरा, उघडतो.

इथवर आले की काकांची मान बेसमेंटच्या दाराकडे वळायची. "ऐकलंस?" मला फक्त फ्रिजची घरघर ऐकू यायची. त्यांच्या मुलीनं, मृणालिनीनं, त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं, प्लंबरही आणला. मला चीड यायची ती स्वतःची. म्हाताऱ्याच्या नादी लागून मीही कान टवकारायला लागलो होतो.

मार्चमधल्या एका दुपारी, मृणालिनी ऑफिसला गेलेली असताना, काकांनी पुढचं सांगितलं. त्या तिघींपैकी एका नौकेच्या इंजिनरूमला आग लागली तेव्हा ते तिच्यावरच होते. दार नियमाप्रमाणे बंद झालं. आत चौघं राहिले. ठोके आले. तरुण कप्तानानं विचारलं, "सर, उघडू?" उघडलं असतं तर वरचे अडतीस गेले असते.

"मी नाही म्हटलं," काका म्हणाले. "आणि उलट तीन ठोके मीच मारले. ते वाट बघत राहिले रे, अमित. मला पदक मिळालं."

मी कप खाली ठेवला.

"एक काम कर. मी बेसमेंटमध्ये उतरतो, तू बाहेरून कडी लाव. मी वाजवलं की उघड. आतून वाट बघणं काय असतं, ते मला कळू दे. उघडशील ना?"

"काका, हे काय भलतंच!"

पण ते बेसमेंटचं दार उघडून उभे राहिले होते. मला नाही म्हणवेना. ते उतरले, मी कडी लावली.

फ्रिजही बंद पडल्यासारखा गप्प झाला. मग तीन ठोके आले, पोलादावर वाजावेत तसे. दार लाकडी आहे. मी उलट ठोके मारत बसलो नाही. कडी काढून दार सताड उघडलं.

काका पार तळाशी, तेरा पायऱ्या खाली बसले होते.

"मी अजून वाजवलं नव्हतं," ते म्हणाले.

डिझेलचा वास आला. काका धडपडत उठले, भिंतीला पाठ टेकवून जिन्यात वाट मोकळी केली आणि सॅल्यूट करून उभे राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. जिना खालच्या पायरीपासून वरच्या पायरीपर्यंत करकरत गेला. चार वेळा.

मी दारातून बाजूला झालो.