दुसऱ्या मनगटावरचं यंत्र

माझ्या आत्याने तीस वर्षं बंदरात बुड्या मारून जहाजांचे तळ घासले. मीही त्याच कामाला लागलो, तेव्हा डाइव्ह कॉम्प्युटर घ्यायला ती बरोबर आली. आपण किती खोल आहोत, खाली किती वेळ झाला, किती सावकाश वर यायचं, हे सांगणारं ते मनगटावरचं यंत्र. मला रंगीत पडद्याचं आवडलं. आत्याने पिशवीतून कामाचा जाड हातमोजा काढला, दुकानदारासमोर चढवला आणि बटणं दाबून पाहिली. एक धड दबेना.

"हे लग्नात घाल," म्हणाली, आणि मोठ्या आकड्यांची दोन साधी यंत्रं घेतली.

"दुसरं बोटीत ठेवीन."

"बोटीत बसलेल्या यंत्राला काय कळणार, तू खाली किती वेळ होतास ते? दोन्ही बरोबर उतरली पाहिजेत."

तेव्हापासून रोज सकाळी दुसरं यंत्र तीच माझ्या उजव्या हाताला बांधायची. मी रोज कुरकुरायचो.

परवा जहाजाखाली असताना डावीकडचा पडदा काळा पडला. उजवीकडे पाहिलं, तर तिथे मिनिटन् मिनिट मोजलेलं होतं. त्याच्या सांगण्याप्रमाणे थांबत थांबत वर आलो.

घरी सगळं सांगितलं. वाटलं, आता खरडपट्टी निघणार. आत्या एवढंच म्हणाली, "जेवून घे."

आज कामावर निघालो, तर टेबलावर पुन्हा दोन यंत्रं. एक माझं, दुसरं तिचं स्वतःचं जुनं, नवी बॅटरी घातलेलं.

मी गुपचूप दोन्ही हात पुढे केले.