बांगड्यांच्या वर धरलेला हात

पिपरीहून बोरगावच्या शाळेत जायचं तर वाट कापसाच्या जिनिंग कारखान्यावरून. कापसाचा हंगाम सुरू झाला की तिथे बैलबंड्यांची रांग लागे, आणि बसून कंटाळलेली माणसं येणाऱ्या-जाणाऱ्या बायांवर तोंड टाकत. त्या शाळेत शिकवणारी सुधा तोंडाकडे लक्ष देत नसे. पण त्या गुरुवारी एकानं खाली उतरून सरळ तिचं मनगट धरलं. मागून शाळेचा शिपाई तानबा सायकलवर आला, म्हणून तो हसत बाजूला झाला.

तानबानं काळजीपोटी ही गोष्ट घरी सांगितली. सुधाच्या सासूबाईंनी, देवकाबाईंनी, त्याच संध्याकाळी निकाल दिला.

"सोमवारपासून शाळा बंद. कृष्णकांतचा पगार पुरते आपल्याले."

कृष्णकांत, सुधाचा नवरा, कचेरीत कारकून होता. पानातल्या भाताकडे पाहत तो "बघू" म्हणाला. त्याच्या "बघू"चा अर्थ सुधाला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळला होता. तेव्हा तीच बोलली.

"आई, मला धरलेला हात सोडवता येतो. उन्हाळ्यात शिकले आहे मी."

हे खरं होतं. सेवाग्रामच्या शिक्षकांच्या शिबिरात यामादाबाई नावाच्या एक जपानी पाहुण्या होत्या. रोज सकाळी त्या बायांना आयकिडो शिकवत. पुरुष त्याला जपानी कुस्ती म्हणून हसत. यामादाबाईंचं हिंदी चार शब्दांचं. "जोर नहीं. उसका जोर, उसी को वापस." शिबिर संपल्यावरही सुधा आणि तिच्या शाळेतली दुसरी शिक्षिका अन्नपूर्णा मधल्या सुट्टीत रिकाम्या वर्गात सराव करत. सुधानं नुसतं मनगट फिरवलं तरी अन्नपूर्णा पोत्यासारखी पडे.

"मंग आज काऊन नाई सोडवला?" देवकाबाईंनी विचारलं.

 आज सुधा नुसती उभी राहिली होती.

"मध्या, धर तिचा हात," देवकाबाई धाकट्या मुलाला म्हणाल्या. "सुटला तर शाळा. नाई तर चूल."

मधू रोज आखाड्यात जाणारा. "लागलं तर सांगा बरं, वहिनी," म्हणून त्यानं मनगट पकडलं. सुधानं शिकवल्यासारखा पाय घेतला, हात फिरवला. हात चिखलात रुतल्यासारखा जागचा हलेना. पुन्हा फिरवला तशा मधूच्या पंज्याखाली बांगड्या करकरल्या, आणि सुधाचा हात आपोआप थांबला.

"जपानी लोकं नुसत्या भातावर जगतात, वहिनी. त्यायले म्हणा, आमच्या वस्तादाच्या घरी तुरीचं वरण खायले या!"

"झालं?" देवकाबाई म्हणाल्या.

"नाही झालं. शनिवारी परत."

"शनिवारी काय येगळं होणार हाये?"

"ते शनिवारी दिसेल."

शुक्रवारी मधल्या सुट्टीत तिनं अन्नपूर्णेला हात धरायला सांगितलं आणि पहिल्यांदाच नीट पाहिलं. अन्नपूर्णेची बोटं मनगटावर नव्हतीच. बांगड्या सोडून पार वर, कोपराच्या जवळ होती. पूर्ण पावसाळाभर तिथंच होती.

"तू इथं का धरतेस?"

"मग काय बांगड्यांवर धरू? सवाष्णीच्या बांगड्या माझ्या हातून वाढल्या तर तुझी सासू मला गावात राहू देईल का?"

"आणि पडतेस कशानं?"

अन्नपूर्णा जरा लाजली. "तू वळलीस की मला कळतं, आता पडायचं. जोडीदाराला जपा म्हणाल्या होत्या ना यामादाबाई?"

सुधाला राग आला. कोणावर, ते तिलाही सांगता आलं नसतं. इतके महिने ती अन्नपूर्णेच्या चांगल्या वळणाला पाडत होती. जिनिंगवरच्या माणसाला कोणी असं वळण लावलं नव्हतं.

"बांगड्यांवर धर. आणि मैत्रीण असल्यासारखी धरू नकोस."

"अगं, पण..."

"धर म्हणते ना!"

अन्नपूर्णेनं डोळे मिटून धरलं. पहिली काच फुटली तशी तीच ओरडली. मग मात्र तिलाही ईर्ष्या चढली, सोडेना. घंटा झाली तेव्हा दोघींचे अंबाडे सुटले होते आणि फरशीवरच्या काचा झाडूनं गोळा कराव्या लागल्या. एवढं मात्र कळलं, की पंजा एकदा घट्ट बसला की काही खरं नाही. तो येत असतानाच हलायचं, त्याच्या अंगठ्याच्या बाजूनं निघायचं. आणि निघालं की कोण पडलं ते बघत थांबायचं नाही. यामादाबाईंनी खोटं शिकवलं नव्हतं, पण ते धरणाऱ्यानं खरंच धरल्याशिवाय अंगात येणारं नव्हतं.

घरी येताना सुधानं कासाराकडे हात भरून घेतला.

शनिवारी दुपारी देवकाबाई ओट्यावर डाळ निवडत बसल्या. अंगणात मिरच्या वाळत होत्या. मधू हसत पुढे आला. त्याचा हात येतोय तोच सुधानं आत पाय टाकला. पंजा बांगड्यांवर पडला, काचा कडकडल्या, मधू दचकला, सुधा सुटली.

"हे खरं नोहे!" देवकाबाई सूप खाली टाकून ओरडल्या. "बांगड्या वाढल्या म्हणून भेला तो!"

त्यांचं बरोबर होतं. सुधानं मनगटावरचं रक्त पदराला पुसलं आणि उरलेल्या दोन बांगड्या स्वतःच काढून ओट्यावर ठेवल्या. देवकाबाईंनी डोळे झाकून घेतले.

"आता फुटायला काही नाही. भाऊजी, परत धरा. मनापासून धरा."

या वेळी मधू हसला नाही. तो जोरात आला. सुधा मागे सरलीच नाही. त्याच्या बाजूला गेली, त्याच्याच ओढीनं वळली आणि अंगठ्याकडून हात काढून घेतला. मधूचा तोल गेला, गुडघे मिरच्यांत. सुधा थांबली नाही. फाटक उघडून ती रस्त्यावर गेली, आणि तिथूनच बोलली:

"आई, भाऊजींच्या शिंका थांबेपर्यंत मी जिनिंग ओलांडलं असतं."

मधू खरंच शिंकत होता. "माय, धरलं होतं मी," तो डोळे चोळत म्हणाला. "इमानानं धरलं होतं."

देवकाबाई मिरच्यांकडे पाहत होत्या, मग सुनेच्या उघड्या मनगटाकडे.  उठून त्यांनी हळद आणली, सुधाला आत बोलावून जखमेवर दाबली आणि चपला पायात सरकवल्या.

"चाल माह्यासंगं कासाराकडे."

कासारानं नेहमीसारखी डझनाची माळ उचलली. देवकाबाईंनी त्याचा हात थांबवला.

"दोन्ही हातात एकेकच भर. हिच्या हातात टिकत नाई. अन् आजच भर, सोमवारी शाळा हाये तिची."