डाव्या पायाचा आवाज

आमच्या गावात पहाटेचं धुकं इतकं दाट असतं की धावताना पुढच्याची पाठ दिसत नाही, नुसते पाय ऐकू येतात. निलगिरीच्या बनातून आम्ही तीस-चाळीस पोरंपोरी उतरत यायचो. बन संपतं तिथल्या दगडावर एतेते बिझुनेश बसलेली असायची. पुढ्यात बेसोचा डबा, म्हणजे भाजलेल्या जवाचं पीठ पाण्यात कालवून त्यात मीठ आणि मध घातलेलं पेय, आणि हातात लाकडी पळी. आम्ही धुक्यातून बाहेर पडायच्या आधीच तिचं सुरू व्हायचं.

"हा तोलोसा, खेचरासारखा आपटत येतोय. ही चाल्तू, हिने बहिणीचे बूट घातलेत. आणि मागे माझी मांजर."

मांजर म्हणजे मी, लोमी. एवढ्या पायांतून माझे पाय तिला बरोबर कळायचे.

एतेते म्हणजे आमच्याकडे आईच्या वयाची कुठलीही बाई. पण गावात नुसतं एतेते म्हटलं की बिझुनेशच. तिने बावीस वर्षं डोंगरावरून निलगिरीच्या मोळ्या वाहिल्या. मोळी पाठीवर आडवी, बाईपेक्षा लांब. "मोळीखाली मान वर होत नाही गं," ती सांगायची, "समोरून येणाऱ्याचे पाय दिसतात आणि मागून येणाऱ्याचे ऐकू येतात. तोंडं मी फक्त रविवारी चर्चमध्ये बघायची." मोळ्या वाहताना तिने तीन लेकरं पाजली आणि वर्षाचे सगळे उपवास पाळले. डोंगर चढायचा रिकाम्या पोटी, उतरायचा रिकाम्या पोटी, दुपारी तीननंतर इंजेऱ्याची आंबट भाकरी आणि डाळ. कुणाला त्यात काही विशेष वाटलं नाही, तिलाही नाही.

मग एके दिवशी स्वतःच्याच उंबऱ्यावर ती घसरली आणि मनगट मोडलं. पाठीला आधीच बाक आला होता, तो कायमचा राहिला. दवाखान्यातली परिचारिका म्हणाली, हाडं आतून पोकळ झालीत. तेव्हापासून तिच्या धर्मपित्याने, म्हणजे चर्चचे पाद्री अब्बा वोल्देंनी, तिला उपवासातही रोज एक पेला दूध प्यायची परवानगी दिली. तो पेला ती दाराआड जाऊन प्यायची. साठीची बाई, पण चोरून खाणाऱ्या पोरीसारखी ओठ पुसत बाहेर यायची. मला तेव्हा तिचं हसू यायचं.

मी एकोणीस वर्षांची होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. फासिका झाली की, म्हणजे ईस्टरनंतर दोन आठवड्यांनी, राजधानीतला, अदिसचा, एक मोठा धावण्याचा क्लब निवडीची शर्यत घेणार होता. पहिल्या तीन मुलींना जागा. आदल्या वर्षी मी चौथी आले होते. चौथी येण्यासारखं वाईट काही नसतं, शेवटची आलेली तरी निवांत झोपते.

म्हणून मी मरियम मातेला नवस बोलले. ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासाचे पंचावन्न दिवस कडक पाळीन, दुपारी तीनपर्यंत पाण्याचा थेंबसुद्धा नाही, आणि धावणं एक दिवसही चुकवणार नाही. उपवास सगळेच पाळायचे. दूध, लोणी, अंडी कुणीच घ्यायचं नाही. पण धावणाऱ्यांना अब्बांनी सवलत दिली होती: धावायच्या आधी आणि नंतर एकेक पेला बेसो. मला वाटलं, सवलत घेऊन मागितलेलं मरियम कशाला देईल? आईला सांगितलं तर तिचे डोळे भरून आले. त्या डोळ्यांनी मला आणखी चढवलं.

पहिले दोन आठवडे पोटात नुसती आग. तिसऱ्या आठवड्यात आग विझली आणि एक वेगळंच गोड काहीतरी सुरू झालं. बनात शिरलं की झाडं मला वाट द्यायला सरकतायत असं वाटायचं. धुकं छातीतून आरपार जायचं. मी धावत नाहीये, कुणीतरी मला हळूच पुढे नेतंय. कधी कधी अर्धा डोंगर कुठे गेला ते आठवायचंच नाही. पाळी बंद झाली, मी म्हटलं बरंच झालं, एक कटकट गेली. पोटऱ्या वाळल्या, आईने माझा परकर दोनदा आत घेतला. मी खूश. पीस होत होते ना मी! तोलोसाच्या घड्याळात माझा वेळ मात्र रोज वाढत होता. मी म्हणाले, घड्याळ बिघडलंय.

एका सकाळी एतेतेने पळी डब्यावर आपटली. "लोमी, थांब. इकडे ये."

"काय गं?"

"तुझा डावा पाय जमिनीला घाबरतोय."

"कान साफ कर, एतेते."

"कान साफ आहेत. तुझं डोकं साफ करायला हवं. बेसो घे."

"माझा नवस आहे."

तिने मला जवळ ओढलं आणि कानाशी विचारलं, "पाळी येते?" मी तोंड फिरवलं. "मलाही यायची नाही," ती म्हणाली, "मोळ्यांच्या दिवसांत. मीही म्हणायची, बरंच झालं."

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

पाच दिवसांनी, चढावर, डाव्या नडगीत काहीतरी चमकलं आणि पाय टेकवेना. बाकीचे धुक्यात पुढे निघून गेले. मी झाडाला टेकून बसले. सगळं पांढरं आणि शांत होतं, दुखणंसुद्धा दुसऱ्या कुणाचं तरी वाटत होतं. किती वेळ गेला कोण जाणे. मग खालून पाय ऐकू आले, एक सरळ पडणारा, एक घासणारा. बावीस वर्षं जिथून मोळ्या खाली उतरवल्या त्या वाटेने एतेते पुन्हा वर चढत होती.

"सगळे आले," ती धापा टाकत म्हणाली, "मांजर आली नाही."

"तू कशाला आलीस? पडशील ना!"

"निलगिरी वाहिलीय मी. तू काय, काटकी. टाक हात खांद्यावर."

नडगीच्या हाडाला केसासारखी चीर गेली होती. परिचारिकेने मला धारेवर धरलं. "रिकाम्या पोटी दीड तास धावायचं, वर सात-आठ तास काही खायचं नाही. शरीर उसनं कुठून आणणार? आधी तुझ्या पोटऱ्या खाल्ल्या, आता हाडाला लागलंय. तीन महिने धावणं बंद. धावायला लागशील तेव्हा आधी थोडं खायचं, नंतर तासाच्या आत पोटभर. आणि आत्तापासून रोज दूध. ऐकलं नाहीस तर हे हाड पुरतं मोडेल, मग शर्यती फक्त रेडिओवर ऐकायच्या."

शर्यत गेली ते मला कळलं. पण दूध? नवस मोडला म्हणून मरियमने हे धावणंच काढून घेतलं तर? मी भिंतीकडे तोंड करून पडले आणि कुणी काही दिलं तरी घेईना. आई रडत होती, पण तीही पेला पुढे करायला धजत नव्हती.

दुसऱ्या दिवशी एतेते आली. शालीखालून तिने दुधाचा पेला काढला. "पी. नवसाचं मी अब्बांशी बोललेय. तो पाळला जाईल, तू काळजी करू नकोस."

"अब्बा काय म्हणाले?"

"म्हणाले, मरियमने त्या पोरीकडे हाडं मागितली होती का? पी आता. गार होतंय."

मी प्याले. धुराचा वास लागलेलं कोमट दूध. इतकी रडले की अर्धं नाकात गेलं. मग ती रोज येत राहिली, बत्तीस दिवस, तोच पेला, त्याच वेळी. पाळी परत आली तेव्हा मी आईच्या आधी तिला सांगितलं. ती इतकी खूश झाली की पळीने माझ्या डोक्यावर टपली मारली.

फासिकाच्या सकाळी कोंबडीच्या रश्श्याचा वास गल्लीभर होता. अब्बा वोल्दे आमच्याकडे आले, माझा पाय बघितला आणि म्हणाले, "बिझुनेशला आज तरी दूध पाजा. मी तीनदा नाही म्हटलं, ऐकलं नाही तिने. दुपारी तीनपर्यंत पाणीसुद्धा नाही. म्हणे लोमीचा नवस आहे, कुणीतरी पाळायलाच हवा."

मी तशीच लंगडत तिच्या घरी गेले. मला इतका राग आला होता की दारातूनच ओरडले. "ते दूध तुझ्या हाडांचं होतं!"

"ओरडू नकोस, सणाचा दिवस आहे." ती चुलीपाशी बसली होती, आणखी वाकलेली. "माझ्या हाडांना जायचंय कुठे? दारापासून दगडापर्यंत. एक पेला होता, दोन बायका होत्या. जिला लांब जायचं होतं तिने प्यायचा."

"आणि तू?"

"मी काय? मला सवय आहे." मग चुलीतलं लाकूड आत सारत म्हणाली, "मला कुणी वेळेवर सांगितलं नाही गं. तेवढंच वाईट वाटतं."

पुढच्या वर्षी मी बेसो पिऊन धावले आणि दुसरी आले. क्लबात गेले, परदेशात धावले, पैसे पाहिले. पोरी हलक्या व्हायला जेवण टाकतात तिथे मी भांडून ताटावर बसवते. सगळ्याजणी मला कजाग म्हणतात, खुशाल म्हणोत.

तीन वर्षांनी, उन्हाळ्यात, त्याच उंबऱ्यावर एतेतेचं खुब्याचं हाड मोडलं. यावेळी ते जुळलं नाही. बत्तीस पेल्यांनी ते वाचलं असतं असं नाही, डॉक्टरने मला तसं समजावून सांगितलं. मला ते समजतं, पण पटत नाही.

तिची खाट आता खिडकीशी आहे. मी गावी आले की पहाटे बनातून खाली उतरते आणि दगडाशी न थांबता तिच्या गल्लीतून जाते. धुक्यात खिडकी दिसत नाही. मी पाय जरा जोरात टाकते.

"एतेते, कसे वाजतायत?"

"दोन्ही सारखे," आतून आवाज येतो. "आता बडबड नंतर. आधी जा, काहीतरी खा."

मी जाते आणि खाते.